दुसऱ्या रेकॉर्डवरची ढोलकी

सूर्यभान गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. सूर्यभानच्या गावाहून, धनजहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मास्तर, तुमचे ढोलकीवाले गेले. सकाळीच. कापसाच्या वावरात छातीत कळ आली अन्..." फळ्यावरचं गणित अर्धंच राहिलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमची पाच जणांची गायन पार्टी होती. मी गायचो, सूर्यभान ढोलकी वाजवायचा, बाकीचे तिघे पेटी, झांज आणि कोरस सांभाळायचे. जयंतीच्या दिवसांत कारंजा, मानोरा, शिरपूर अशी गावं करायचो. एरवी दुसऱ्यांच्या वावरात राबणारा हा अबोल माणूस ढोलकी मांडीवर घेतली की डोळे मिटायचा, आणि थाप अशी पडायची की बसलेली माणसं उठून उभी राहत. आमची पहिली रेकॉर्ड गाजली ती त्या थापेनेच. लोक दुकानात 'ते ढोलकीवाली रेकॉर्ड द्या' म्हणून मागत. गाणारा मी, आणि नाव ढोलकीचं... मला ते खुपायचं. आज लपवून काय करू?

दुसऱ्या रेकॉर्डसाठी आम्ही मुंबईला गेलो. स्टुडिओतल्या साहेबांनी अर्धं गाणं ऐकलं आणि काचेमागून हात हलवला. ढोलकी फार चढते, शब्द बुडतात, आमचा तबलजी घ्या, म्हणाले. मी नाही म्हणू शकलो असतो. सूर्यभानशिवाय गाणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प राहिलो. शेवटी तोच उठला. ढोलकीला गवसणी घालत म्हणाला, "गाऊन घ्या मास्तर तुमी. मी बसतो भायेर. माह्यासाठी गाणं कायले अडवता?" चारही गाणी होईपर्यंत तो जिन्यात बसून होता. परतताना गाडीत त्याने आपल्या फडक्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. मी ती हातात धरून बसलो. माफी मागावी असं बडनेऱ्यापर्यंत वाटत राहिलं... मागितली नाही. पुढे तो पूर्वीसारखाच माझ्याबरोबर वाजवत राहिला, त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. तो विसरला, अशी मी समजूत करून घेतली. मला ते सोयीचं होतं.

त्याच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीला धनजला गेलो. विहारासमोर मांडव होता. वंदना झाल्यावर कुणीतरी त्याची आठवण म्हणून आमची दुसरी रेकॉर्ड लावली. माझा आवाज भोंग्यातून येऊ लागला, मागे स्टुडिओतला तो मऊ तबला. पुढे बसलेली एक म्हातारी वळून म्हणाली, "काहो, रेकॉर्ड बिघडली काय? सूर्यभानची ढोलकी कुठी गेली?" मांडवात कुजबुज झाली. मशीनवाल्याने सुई उचलली, पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मला काही कळेना. सूर्यभानची बायको शांताबाई माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, गावात हे रेकॉर्ड थे सोताच लावत. विहाराच्या खोलीत मशीनपाशी, दार लोटून माईकजवळ बसत अन् गाण्यासंग वाजवत. लोकाईले वाटे, ढोलकी रेकॉर्डवरच हाय."

"पण काहून?"

"म्हनत, लोकाईले कळलं तं इचारतीन, मास्तरनं तुले काहून नाई घेतलं. मास्तरची बदनामी कायले?"

मी उठलो. मांडवासमोर उभं राहून सगळं सांगितलं. मुंबई, काच, जिना, माझं गप्प राहणं. ती म्हातारी माझ्याकडे वळली. म्हणाली, "मंग आता कोन वाजवीन बाप्पा?"

निघण्याआधी मी त्या खोलीत गेलो. मशीनसमोर माईकचा दांडा बसलेल्या माणसाच्या छातीइतका खाली ओढलेला होता. खाली गोणपाटाची घडी, मधोमध बसून बसून दबलेली. मी तिच्या कडेला, उघड्या जमिनीवर बसलो... शेवटची एसटी येईपर्यंत.