समोच्च रेषा आणि जोडलेले हात

मी चाळीस वर्षे कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसलो. सरकी वेळच्या वेळी उचलली नाही, तर सायंकाळपर्यंत तिचा डोंगर होतो, हे तिथे पाहिले. आमच्या मोबाइलवरील ‘स्वाध्याय’ ग्रुपच्या किश्श्यांचे तसेच झाले आहे. वेळीच कोणाजवळ बोलून टाकले असते, तर आज एवढा संताप साचला नसता!

ग्रुप मी काढला. उद्देश स्वच्छ होता. जवळच्या रामाकोना गावची कुंदा अंगणवाडीत सहायिका आहे. तिथल्या कार्यकर्तीबाई यंदा निवृत्त होणार होत्या. बारावी झालेली असती, तर कुंदाला त्या जागेसाठी अर्ज करता आला असता. नाही तर पुढची वीस वर्षे खिचडीच ढवळणे आले. बाकी विषय निघाले होते, भूगोल तेवढा दोनदा राहिला. माझे स्वतःचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे आमच्या सौसरच्या वाचनालयातील कपाटांकडून घेतले. त्यामुळे जिद्दीने शिकणाऱ्याची मला कदर आहे. सौसर-पांढुर्ण्याच्या जाणकारांना एकत्र जोडावे, शिकणाऱ्यांनी शंका विचाराव्यात, जाणकारांनी उत्तरे द्यावीत, एवढीच योजना. यात न समजण्यासारखे काय होते, ते कोणी मला सांगावे!

*

कुंदाने पहिलीच शंका विचारली, “समोच्च रेषा म्हणजे काय?”

चार तासांत एकोणतीस उत्तरे आली. अठ्ठावीस जोडलेले हात आणि एक गुलाबाचे फूल!

त्या हातांत निवृत्त मुख्याध्यापक ढोबळे गुरुजींचेही होते. त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला आहे. मी तत्काळ फोन केला. “गुरुजी, आपणसुद्धा?”

“अहो, सगळ्यांनी हात जोडले होते. मी एकटाच उत्तर देऊन राहिलो असतो, तर बरं दिसलं असतं का?”

*

पांढुर्ण्याचा धनराज संत्र्याचा व्यापारी. तो रोज पहाटे ग्रुपवर जामसांवलीच्या हनुमंताचे दर्शन टाकतो. मी नियम लिहिला, ‘येथे केवळ अभ्यासाचाच मजकूर टाकावा.’

दुसऱ्या पहाटे हनुमंत पुन्हा हजर. खाली लिहिले होते, ‘भूगोल. जामसांवली, तहसील सौसर, जिल्हा पांढुर्णा.’

“धनराज, ही थट्टा आहे!”

“थट्टा कायची, काकाजी? पांढुर्णा जिल्हा झाला, हे तुमच्या पुस्तकात तरी आलं का? मी नवीन भूगोल टाकून राहिलो!”

मी घरातील तिन्ही पुस्तके उघडून पाहिली. आलेले नव्हते. हे मला अधिक झोंबले.

*

परीक्षा महिन्यावर आली असताना ग्रुपवर ‘हमखास येणारे प्रश्न’ अशी यादी झळकली. कुंदाने ती आठ दिवस पाठ केली. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आले की यादी भलत्याच राज्याची, आणि तीही नववीची! बिचारीचे आठ दिवस मातीत!

पाठवणारे गृहस्थ आमच्याच चौकातील औषध दुकानदार. मी दुकानात जाऊन विचारले, “न वाचता पाठवलेत?”

“मले आलं, मी पुढे ढकललं. वाचत कोण बसते?”

“औषधेही अशीच देता का?”

“औषधाले डॉक्टरची चिठ्ठी लागते, काकाजी. अभ्यासाले काय लागते?”

*

अखेर मीच शिकवायचे ठरवले. माझी ध्वनिमुद्रणे ग्रुपवर होतीच; प्रत्येक किमान अकरा मिनिटांचे. आता मोबाइलवर थेट वर्ग घ्यावा, म्हणून सूचना टाकली. वर माझे टोपीतले काळे-पांढरे छायाचित्र, खाली पूर्ण नाव, त्याखाली ‘आज सायंकाळी चार वाजता’. विषयही लिहिला होता, परंतु तो वाचायला थांबतो कोण? आमच्याकडे असे छायाचित्र आणि अशी वेळ एकाच कारणाने येते.

दहा मिनिटांत श्रद्धांजल्या सुरू झाल्या. साडेतीनला दार वाजले. अंगणात वीस-बावीस माणसे उभी, खांद्यांवर पांढरे दुपट्टे. धनराज पांढुर्ण्याहून हार घेऊन आला होता. मागे कुंदा पदराने डोळे पुसत होती.

“अरे बाप्पा! काकाजी, तुम्हीच?”

“मीच. चपला बाहेर काढा आणि आत बसा. भूगोल आहे.”

ग्रुपच्या इतिहासात एवढी उपस्थिती कधीच नव्हती! मी पाऊण तास समोच्च रेषांवर बोललो. शेवटी “समजले?” म्हणून विचारले. सर्वांनी माना डोलावल्या. कुंदानेही.

धनराज दारात घुटमळला. “हाराचं काय करू, काकाजी?”

मी तो पृथ्वीच्या गोलाला घालायला लावला.

*

कुंदा पास झाली. भूगोलात अडुसष्ट! पेढे घेऊन स्वतः घरी आली. जागेसाठी अर्जही भरून आली होती.

मी म्हणालो, “म्हणजे ग्रुपचा उपयोग झाला तर.”

“झाला न, काकाजी. त्या दुसऱ्या ग्रुपचा.”

“दुसऱ्या?”

तिने मोबाइल पुढे केला. नऊ बायका. कोणी सहायिका, कोणी शिलाई करणारी, सगळ्या कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसलेल्या. जोडलेले हात कुठेच नव्हते. माझी ध्वनिमुद्रणे मात्र तिथे होती, सगळीच्या सगळी! समोच्च रेषांच्या ध्वनिमुद्रणाखाली एकीने लिहिले होते, ‘काई समजलं नाई.’ दुसरीने छायाचित्र टाकले होते. परातीत कणकेचा डोंगर, त्याला बोटबोट उंचीवर गुंडाळलेला दोरा, आणि हे सगळे थेट वरून टिपलेले. वलयात वलय. खाली लिहिले होते, ‘हे पाय. वरून पायलं का डोंगर असा दिसते.’

त्याखाली कुंदा, ‘अवो माय! इतकंच होय?’

ते छायाचित्र मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“माझी ध्वनिमुद्रणे, आणि मला न विचारता!” मी म्हणालो. “हा ग्रुप कोणी काढला?”

“मीच.”

“मग मला त्यात घे.”

कुंदाने माझ्या हातावर पेढा ठेवला.

“विचारून सांगते, काकाजी.”

त्याला आता दीड महिना झाला.