खालच्या सुराची शिट्टी

माझी थोरली बहीण, आमची आक्का, पुणतांब्याला दिलेली. तिथल्या बायकांच्या भजनात पुढे म्हणणारी तीच. दाजी पेटीवर बसायचे आणि पांढरी पाचच्या उंच पट्टीत आक्काचा मोकळा आवाज लागला की तो गाठताना मागच्या बायकांची धावपळ व्हायची. मग तिच्या गळ्याचं, थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आमचा जीव भांड्यात पडला. पण आवाज परत आला तो जाड, खर्जातला. तिने भजनाला जायचंच सोडलं. विचारलं की म्हणायची, "बाप्यावानी आवाज झालाय माझा. कुणाला ऐकवू?"

मी सावेडीत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर टिन व्हिसल वाजवायला शिकले. मुलीने परदेशातून आणलेली ती पत्र्याची, सहा भोकांची शिट्टी. तोंडात सरळ धरायची, बासरीसारखी आडवी फुंकर साधावी लागत नाही; म्हणून मला या वयात जमली.

दिवाळीनंतर आक्काकडे गेले तेव्हा शिट्टी माझ्या पिशवीत होती. दुपारी दाजींनी पेटी काढली. आक्का नको नको म्हणत गुणगुणायला लागली. दाजी सूर शोधत एकेक पट्टी खाली येत गेले आणि पांढरी दोनवर तिचा आवाज टेकला. माझी शिट्टीही नेमकी पांढरी दोनचीच! मला केवढा आनंद झाला. मी फुंकलं आणि सगळंच बिनसलं. पट्टी एकच, पण शिट्टी तिच्यापेक्षा दोन सप्तकं वर किंचाळत होती. आक्का त्या सुराच्या ओढीने नकळत वर चढायला गेली आणि तिचा आवाज फाटला.

"चहा ठेवते," म्हणून ती आत गेली.

दाजींनी पेटीचा भाता मिटला. "शिट्टी लई वरनं बोलती तुझी," ते म्हणाले. "जरा तिच्या जवळ येऊन बोल."

मुलीला फोन केला तेव्हा कळलं, याच पट्टीची एक सप्तक खालची शिट्टीही असते. पुण्याला गेले तेव्हा एका वाद्यांच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने दोन काढून दिल्या. एक पांढरी पाचची, मध्यम आकाराची. बोटं आपसूक भोकांवर पडली आणि आवाजही गोड, भरलेला. दुसरी पांढरी दोनची म्हणजे चांगली हातभर लांब, जाड नळी. भोकं इतकी दूर दूर की माझी अनामिका पोचेचना. फुंकलं तर नुसती हवा फुसफुसत बाहेर गेली. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार.

दुकानाच्या पायरीवर येऊन मी आक्काला फोन लावला आणि दोन्ही शिट्ट्यांचं सांगितलं.

"मग ती मधलीच घे की," ती म्हणाली. "मी चढीन हळूहळू पांढरी पाचला. तुझी बोटं कशाला मोडून घेतीस?"

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या 'चढीन'मध्येच तिचा आवाज घसरला होता. आत जाऊन मी लांब नळी घेतली.

पहिले कितीतरी दिवस ती मला दाद देईना. मुलीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, बोटांची टोकं नाही टेकवायची, बोटं सरळ ठेवून मधल्या पेरांनी भोकं झाकायची. खालचा सा लागायला फुंकर अगदी हलकी हवी, आणि श्वास मात्र भराभर संपायचा. ओळ पुरी व्हायच्या आत मी धापा टाकायची. मनगटं दुखायची. एका सकाळी अचानक सा लागला, धुरकट, उबदार, अगदी आक्काच्या नव्या आवाजाच्या जातीचा. मी तो पुन्हा पुन्हा वाजवला.

मग ती घेऊन पुणतांब्याला गेले. शिट्टी बघून आक्का खो खो हसली. "अगं, ही शिट्टी हाय का फुंकणी? चुलीपुढं बस आता!"

दाजींनी पांढरी दोन धरली. या वेळी मी आधी वाजवलं नाही. ती सुरू झाली, दुसऱ्या ओळीला मी हलकेच तिच्या सोबत गेले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले. आवाज जाडच होता, पण आता कुठे पळत नव्हता.

पुढच्या एकादशीला ती देवळात गेली. दाजी आणि मी तिच्या दोन बाजूंना बसलो. म्हणता म्हणता मध्येच तिला ठसका लागला. बायका गप्प झाल्या. दाजींनी पेटी चालू ठेवली, मी तीच ओळ वाजवत राहिले. घोटभर पाणी पिऊन आक्काने तिथूनच उचललं. मागच्या बायकांना एवढ्या खाली म्हणायची सवय नव्हती, दोघी-तिघी चाचपडल्या.

आक्का थांबली, मागे वळली. "खाली या गं," ती म्हणाली, "हितं लई जागा हाय."