दोन बोटं कमी

सटवाजीकडून बैलाच्या तोंडावर बांधायची दोरीची म्होरकी करून घ्यायची असेल तर बैल न्यावा लागत नाही, नुसते हात नेले तरी चालतात. त्याच्यासमोर बसायचं, आपल्या बैलाचं तोंड जेवढं रुंद असेल तेवढ्या अंतरावर दोन्ही तळवे समोरासमोर धरायचे आणि गप्प राहायचं. सटवाजी त्या तळव्यांच्या मधे आपली बोटं घालून माप घेतो. मग कपाळ केवढं, शिंगं कशी, बैल मान झटकतो का, अशी चौकशी करतो आणि शेवटी बैलाचं नाव विचारतो. नाव कळल्याशिवाय दोरीला हात लावत नाही. "पोराचं अंगडं शिवताना बी नाव इचारतेतच की," असं तो म्हणतो. कुठलाही शिंपी असं काही विचारत नाही, पण सटवाजीशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

घेतलेल्या मापातून तो नेहमी दोन बोटं कमी करतो. हे शहाणपण फजितीतून आलेलं. सुरुवातीला तो हातांनी दाखवलेल्या मापाबरहुकूम म्होरक्या करायचा, आणि त्या सगळ्या ढिल्या होऊन बैलाच्या नाकावर उतरायच्या. मग त्याच्या ध्यानात आलं की शेतकरी एरवी कितीही खरं बोलणारा असो, आपल्या बैलाचं तोंड दाखवताना त्याचे हात आपोआप लांब होतात. लेकराचं वजन सांगताना आई जशी थोडं वाढवून सांगते, तसंच.

हिंगोलीहून औंढ्याकडे जाताना रस्त्यालगत दिव्यांगांची एक निवासी संस्था आहे. सटवाजी तिथं राहतो. मूळचा साखऱ्याचा. लहानपणी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. बापानं मात्र त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. अंबाडीचा वाख, तिच्या सालीचे धागे, हातात दिला आणि पीळ घालायला शिकवलं. सटवाजीची दोरी पंचक्रोशीत नावाजली गेली.

त्याला भावानं घराबाहेर काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. संस्थेत राहणारा माणूस दिसला की लोक लगेच भावाला शिव्या घालायला मोकळे होतात. झालं असं की एकदा सटवाजीचा पाय विहिरीच्या काठावरून घसरला. वाचला, पण त्यानंतर धाकटी भावजय आशाबाई शेतात गेली तरी तिचं अर्धं चित्त घरी असायचं. निंदता निंदता मधेच उठून ती घरी येऊन बघून जायची. तिच्या धापा टाकण्यावरून सटवाजीला ते कळायचं. शेवटी त्यानंच हट्ट धरला आणि तो इथं आला. भाऊ तातेराव त्याला सोडायला आला तेव्हा रडला, सटवाजी रडला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याला जेवण गेलं नाही, ते वेगळं.

पण साखऱ्याशी त्याचा एक धागा शाबूत राहिला होता. पोळ्याला घरचा बैल हरण्या त्याच्या हातची म्होरकी घालून वेशीत तोरणाखाली उभा राहायचा. हरण्याला त्यानं वासरू असल्यापासून ओळखलेलं, त्याची बोटं चोखत तो मोठा झालेला. गावातली जुनी माणसं अजून विचारायची, "सटवाजीची म्होरकी ना ही?" तातेराव फोनवर ते सगळं सांगायचा. गावात आपलं एवढं तरी चालू आहे, या आधारावर सटवाजीचं पुढचं वर्ष निघायचं.

संस्थेत श्रावणात एका रविवारी पाहुण्यांसाठी दारं उघडी ठेवतात. नातेवाईक येतात, शाळेची पोरं येतात, गावातली चार माणसं येतात. ओसरीवर राख्या, उदबत्त्या, कागदी आकाशकंदील मांडलेले असतात. संस्थेचं सगळं बघणाऱ्या साधनाताईंनी यंदा सटवाजीसाठी एक कल्पना काढली होती.

"काका, एवढ्याएवढ्या म्होरक्या करा. गोंडे लावून. लोक भिंतीवर टांगतील, गाडीत लावतील. फार गोड दिसतील."

"कोन्त्या बैलाच्या?"

"बैल कशाला? शोभेच्या हो."

"बैल न्हाई तं म्होरकी कशाची, ताई? बैलाबिगर म्होरकी म्या करत न्हाई."

साधनाताईंनी आठवडाभर मनधरणी केली, एकदा चिडूनही पाहिलं. सटवाजी बधला नाही. रविवारी त्याच्यापुढे वाख, सुतळी आणि दोन मोठ्या म्होरक्या एवढंच होतं. त्या म्होरक्यांचे मालक ठरलेले होते आणि बैलांची नावंही. शेजारच्या पोरीच्या राख्या दुपारपर्यंत संपल्या. सटवाजीपुढे लोक थांबायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "बाबा, हे तुम्ही केलं का?" डोळ्यांनी न दिसणाऱ्याला ऐकूही कमी येतं, अशी पुष्कळ शहाण्या माणसांची समजूत असते. तो "व्हय, व्हय," म्हणायचा आणि कान फाटकाकडे लावून बसायचा.

तातेराव आला तो ऊन कलल्यावर. सोबत आशाबाई होती. थोरल्या दिरासमोर येताच तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तशा तिच्या बांगड्या वाजल्या. दिराला दिसत नाही हे तिला लग्नापासून ठाऊक, पण रीत ती रीत. सटवाजीशी ती कधी थेट बोललीही नव्हती. काही सांगायचं तर नवऱ्याकरवी सांगायची. बांगड्या वाजल्या की सटवाजी जरा सावरून बसायचा. त्या आवाजानं त्याला घरी बसल्यासारखं वाटायचं.

इकडचं तिकडचं झालं. सोयाबीन बरं होतं. शेजारच्यांचं नवं घर वर आलं होतं. मग सटवाजी म्हणाला, "आन हात. हरण्याचं माप दे."

"गेल्या सालचंच हाय की, दादा. कर तसंच."

"काहून? वयानं गालफडं बसतेत. आन हात."

दरवर्षी हा खेळ रंगायचा. खोटं माप देण्यात तातेरावचा हात धरणारा कुणी नव्हता. इतर लोक दोन बोटं वाढवायचे, हा तीन वाढवायचा. वर मधेच थांबून, "न्हाई न्हाई, जरा अजून रुंद हाय," म्हणत हात आणखी ताणायचा. यंदा त्यानं हात धरले ते एकदाच. नेमके आणि स्थिर.

सटवाजीनं बोटं घातली. पुन्हा घातली. त्या तळव्यांमधे दोन बोटं सोडा, अर्धं बोटही जास्तीचं नव्हतं. हे माप त्याच्या ओळखीचं होतं, पण ते बैलाच्या तोंडाचं नव्हतं. ते त्यानं स्वतः गेल्या साली विणलेल्या म्होरकीचं होतं. तातेराव घरून खुंटीवरची म्होरकी मोजून आला होता. दावणीला बैल असलेला माणूस म्होरकी कशाला मोजील?

सटवाजीनं हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

"हरण्या कवा गेला?"

ओसरीवर पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी उदबत्तीचा वास घेऊन शिंकत होतं. बैल म्हातारा झाला होता, तो जाणार हे त्यालाही कळत होतं. दुःख त्याचं होतंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की रविवारच्या रविवार फोनवर "हरण्या कसा हाय?" विचारलं की "खाऊन-पिऊन झाक हाय," असं ऐकून आपण हसत होतो. भावानं आपल्याला फसवलं. आणि आता वेशीत कुणी उभंच राहणार नसेल, तर साखऱ्यात आपलं नाव निघायचं कारणच काय उरलं? हे त्याच्या मनात इतकं स्पष्ट आलं की त्याला बसल्या जागी भीती वाटली.

"दादा, माघातच गेला," तातेराव अखेर म्हणाला. "वावरात लिंबाखाली पुरला. त्याच्या जोडीचा दुसरा एकटा पडून चारा सोडून राहिला व्हता, म्हून पाहुण्याकडं देऊन टाकला. तुला तकलीफ होईल म्हून..."

"म्हून खोटं बोलून राहिला."

"व्हय."

"अन् म्या केलेली म्होरकी? ती कोन घालनार व्हतं?"

तेव्हा बांगड्या वाजल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आशाबाई नवऱ्याला मधे न घालता बोलली.

"भाऊजी, म्या मातीचा बैल केलाय. यंदा त्याचीच पूजा हाय."

सटवाजीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं मातीचा पुजायचा, ही रीत जुनीच; पण त्याच्या घरात ती वेळ कधी आली नव्हती.

"रिकाम्या खुंट्याला हळदकुंकू लावायचं तं हात धजंना," ती सांगू लागली. एकदा बोलायला लागल्यावर तिलाच थांबता येईना. "तळ्याची माती आनली. शिंगं हरण्यासारखीच केलीत, एक जरासं आत वळलेलं. पोळ्याला पाटावर घेऊन वेशीपाशी जानार हाय म्या. लोक हसले तं हसू द्या. पन भाऊजी, त्याचं तोंड मोकळं दिसून राहिलं."

सटवाजीचा हात त्याच्या नकळत वाखाकडे गेला आणि बोटं त्यातले काडीकचरे निवडू लागली. तातेराव नाक ओढत होता, आणि सटवाजीला त्याचा राग येत होता, मायाही येत होती. सोडायला आला त्या दिवशीही तो असाच नाक ओढत उभा होता.

साधनाताई पाहुण्यांना घेऊन फिरत फिरत तिथं आल्या. सटवाजीनं वाखातून अगदी बारीक, सुतासारखे पदर वेगळे काढलेले त्यांना दिसले.

"अगं बाई! काका, लहान म्होरकी करताय? बघा, मी म्हणत होते ना! ही मधोमध मांडू आपण."

"ही इकायची न्हाई, ताई," सटवाजी म्हणाला. "हिला बैल हाय."

साधनाताईंनी तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या पुढे काही विचारणार होत्या, पण न विचारता पाहुण्यांना घेऊन राख्यांकडे वळल्या.

"तात्या, डोळे पूस अन् आन हात," सटवाजी म्हणाला. "केवढा हाय तोंडाला?"

तातेरावनं धोतराला तळवे पुसले आणि समोर धरले. आधी जवळ धरले. मग म्हणाला, "न्हाई न्हाई, जरा अजून रुंद हाय," आणि हात लांब केले. आशाबाईला राहवलं नाही, ती पदराआड फिसकन हसली. एवढ्या तोंडाचा बैल करायला तळ्याची निम्मी माती लागली असती.

सटवाजीनं त्या तळव्यांमधे बोटं घातली.

"नाव?"

"हरण्या," तातेराव म्हणाला.

सटवाजीनं तीन बोटं कमी केली, थोडा विचार करून आणखी दोन कमी केली, आणि पहिला पीळ घातला.