गाडीचं नाक

"पहिले बसू."

चाचांकडे फ्रिज न्या, डेअरीतलं दूध गार करायचं मशीन न्या, पहिलं वाक्य हेच. स्क्रू खोलायचा नाही, पाना उचलायचा नाही. बिघडलेल्या वस्तूशेजारी तास-दोन तास नुसतं बसून राहायचं. बीडमध्ये टपरीएवढं दुकान होतं त्यांचं. गिऱ्हाईक तापलं की म्हणायचे, "डाक्टर नाडी धरतो तवा तुमी मधी बोलता का? मंग?" असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. माझी नोकरी अशाच बसण्यावर टिकली, म्हणून सांगतोय.

मी एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. साहेब म्हणजे भरपूर जमीन, मोठं घर, आणि यंदा तिकीट मिळणारच ही दर निवडणुकीतली खात्री. त्यांनी पुण्याहून एक जुनी हायब्रीड गाडी आणली. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही. बॅटरीवर असली की आवाज म्हणून नाही. हीच पहिली पंचाईत झाली. साहेब गावात येऊन उतरले तरी एक मान वळेना. मग मला हुकूम सुटला, वेशीपासून हॉर्न वाजवत जायचं.

दुसरी पंचाईत एसीची. सकाळी निघताना असा गार की साहेब मफलर मागायचे. दुपारी परतताना तोंडावर भट्टीची हवा. आणि मेकॅनिककडे नेली की गाडी गुणी लेकरासारखी परत गार! तिघांनी तीनदा गॅस भरला. चौथ्यानं बॉनेट उघडलं, आतल्या जाड नारंगी तारा बघितल्या आणि हात मागे घेतला. "ह्याचा एसी मोठ्या बॅटरीच्या करंटवर चालतो. ह्या तारंला हात लावला तर माझा फोटू भिंतीवर." वहिनीसाहेबांनी आरशाला लिंबू-मिरची बांधली. दोन दिवसांत मिरच्या वाळून खडंग झाल्या, एसी तिथंच.

शेवटी साहेबांनी आपला निकाल दिला. "तूच बंद करतो बे एसी. पेट्रोल वाचवतो आन इकतो."

"साहेब, लेकराची आन, न्हाई हो!"

"आठ दिवसांत गाडी गार पायजे. न्हाईतर चावी ठेव आन दिवाळीला जा फडावर."

फड म्हणजे उसाचा. आमचं गाव शिरूर कासारकडचं. मी आणि बायकोनं सहा हंगाम ऊस तोडलाय. पोरगी पाचटाच्या खोपीत रांगायला शिकली. ड्रायव्हर झालो तेव्हा कुठं ती एकाच शाळेत सलग दोन वर्षं टिकली, सहावीत गेली. नोकरी गेली असती तर दिवाळीला तीही आमच्यासोबत ट्रकात बसली असती. आणि चोर म्हणून गेलेल्याला दुसरी गाडी कोण देतो?

अशा अवस्थेत मी चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "पहिले बसू."

"चाचा, हितं बसून काय उपयोग? हितं गारच ऱ्हाती."

"मंग जिथं गरम हुती तिथं बसू."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून हे गाडीत हजर.

ऐन लगीनसराई. दिवसाला आठ-दहा लग्नं, आणि प्रत्येक मांडवात साहेबांना शाल-नारळ. चाचा पुढच्या सीटवर, हातात डेअरीतला लांबलचक थर्मामीटर, तो एसीच्या झरोक्यापुढे धरलेला. साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"ताप बघतोय," चाचा म्हणाले.

तिसऱ्या मांडवात गंमत झाली. साहेबांच्या गाडीतून पुढच्या सीटवरून उतरलेला, हातात थर्मामीटर घेतलेला माणूस म्हणजे कोण? माईकवाल्यानं ठोकून दिलं, "आरोग्य खात्याचे मोठे अधिकारी मंडपात दाखल झालेले आहेत!" चाचांना ओढत स्टेजवर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला. चाचांनी नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या आणि नवरदेवाला सांगितलं की फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नकोस.

गाडीत येऊन किती वेळ त्या शालीवरून हात फिरवत होते. "बेटा, चाळीस साल मशिनी दुरुस्त केल्या, कुणी रुमाल दिला न्हाई. आज बिघाड सापडंना, तर शाल!"

चौथ्या दिवशी नारायणगडाला निघालेले एक कीर्तनकार महाराज वाटेत भेटले. साहेबांनी त्यांना मानानं पुढे बसवलं. चाचा मागे साहेबांशेजारी, उजव्या कोपऱ्यात, आणि दिवसभरात मिळालेल्या शाली त्यांच्या मांडीवर. त्या दिवशी नवल घडलं. भर दुपारी, नवव्या लग्नानंतरही एसी गारेगार! साहेब खूश. "ह्या माणसाच्या अंगातच गारवा हाय. ह्यांना रोज हितंच बसवायचं." तुम्हीच सांगा, आठ दिवसांचं काम आता जन्मभराचं झालं असतं की नाही?

चाचांना मात्र ते पटलं नव्हतं. महाराज उतरल्यावर साहेबांना डुलकी लागली, तशी त्यांनी आत सरकून मांडीवरच्या शाली उजव्या कोपऱ्यात ठेवल्या आणि डोळे मिटून बसले. अर्ध्या तासात गरम हवा सुरू. शाली परत मांडीवर घेतल्या. थोड्या वेळात गार. मग खाली वाकून त्यांनी सीटच्या बाजूला हात घातला. तिथं एक बारीक जाळी होती. बॅटरी मागच्या सीटखाली, आणि ती त्या जाळीतून हवा ओढून स्वतःला थंड ठेवते. हवा कोंडली की बॅटरी तापते, बॅटरी तापली की गाडी आधी एसीचा करंट तोडते. चाचांनी जाळीतून चिमटीनं ओढून काढलं: शालींचे गोंडे, आणि मूठभर अक्षता.

आता सगळं उलगडलं. शाल डिकीत टाकायची नाही हा साहेबांचा कायदा. देणारा काचेपाशी उभा असतो, त्याच्या देखत त्याचा मान डिकीत गेला तर मत गेलं. म्हणून साहेब स्वतःच्या हातानं शाली त्या कोपऱ्यात रचायचे. आणि मेकॅनिककडे नेताना मी मूर्ख गाडी आधी रिकामी करून झाडून-पुसून न्यायचो!

पुढच्या मांडवाबाहेर गाडी थांबली, तेव्हा मी चाचांना बाजूला घेतलं. "तुमच्या पाया पडतो, साहेबाला असं सांगू नका. वायर ढिली हुती म्हणा."

"कावून? वायरीनं काय पाप केलं?"

आणि दहा-पंधरा माणसांदेखत जाऊन सांगितलं, "साहेब, तुमच्या सत्कारानं गाडीचं नाक दाबलं."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजी चूक माझी?"

"चूक शालीची. पर ह्या पोराला तुमी चोर म्हणले, ती तुमची."

साहेब एकदा माझ्याकडे, एकदा गर्दीकडे बघत राहिले. राजकारणी माणूस तो. तडक स्टेजवर गेला आणि माईक धरला. "मंडळी, आजपासून आपण शाल स्वीकारणार नाही! साधेपणानं राहणार!" काय टाळ्या पडल्या म्हणता! पुढं तालुकाभर साहेबांच्या साधेपणाचं कौतुक झालं. चाचांचं नाव कुणी घेतलं नाही. मला साहेब काही म्हणाले नाहीत, पण चावी माझ्याकडेच राहिली. दिवाळीनंतर गावातले ट्रक भरून गेले, तेव्हा माझी पोरगी अंगणात पाढे म्हणत होती. लई बरं वाटलं त्या सकाळी.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी चाचांच्या मुलाचा फोन आला. चाचा गेले. दुपारच्या नमाजनंतर माती.

आम्ही कार्यक्रमाला निघून बीडच्या बाहेर पडलो होतो. मी म्हणालो, "साहेब, दोन तासांची सुट्टी द्या. चाचा गेले, मातीला जायचंय."

"कोण चाचा?"

"एसीवाले, साहेब. तुमच्या शेजारी बसले हुते."

"एसीला काय झालंय? गार हाय की!" साहेब फोनमधून मान वर न करता म्हणाले. "उद्या जा बे."

मी गाडी कडेला घेतली. "मेलेलं माणूस उद्यापर्यंत थांबत न्हाई साहेब." एसी तसाच चालू ठेवला, चावी गाडीतच ठेवली आणि उन्हात उतरलो. मागून हाका आल्या. बीडकडे जाणाऱ्या टेम्पोला हात केला.

पोचलो तेव्हा जनाजा गल्लीतून निघाला होता. मी पुढं घुसलो आणि खांदा दिला. कोपऱ्यावर वळताना खिशात फोन वाजायला लागला. साहेबच असणार. वाजू दिला.