नांदूरघाटच्या तुरीला दिलेलं पाणी

गहिनीनाथ चोवीस वर्षं एका संशोधन केंद्रात रोजंदारीवर होता. तुरीचे नवे वाण निरनिराळ्या जमिनींत पेरून पाहायचे, हे केंद्राचं काम. एक प्लॉट घाटनांदूरच्या काळ्या जमिनीत, दुसरा गेवराईला नदीकाठी आणि तिसरा नांदूरघाटच्या मुरमाड माळावर. माळावरचा प्लॉट गहिनीनाथकडे होता, कारण गाव त्याचंच. तिथं वरचं पाणी द्यायचं नाही, पावसावर येईल तेवढंच पीक मोजायचं, असा नियम होता.

चाचणीची पहिली दोन वर्षं पाऊस बरा झाला. तिसऱ्या वर्षी ऐन फुलोऱ्यात तो थांबला. आपल्या हातानं पेरलेलं पीक वाळताना गहिनीनाथला बघवेना. शेजारच्या विहिरीवरून पाइप ओढून त्यानं सगळ्या वाणांना दोनदा पाणी दिलं. वहीत मात्र ते लिहिलं नाही.

आकडे केंद्रातल्या सत्यशीला मॅडमकडे गेले. जमीन बदलली की कोणता वाण कसा वागतो, हे त्या संगणकावर तपासत. एक वाण तिन्ही ठिकाणी पहिला आला. हा कुठंही टिकतो, असं ठरलं आणि जिल्हाभर त्याची शिफारस झाली.

यंदा निम्म्या माळावर तोच वाण होता. गहिनीनाथच्या थोरल्या बहिणीनं, छबुबाईनं, त्याच्या शब्दावर तीन एकर पेरला. सप्टेंबरात पाऊस गेला आणि फुलं गळू लागली. बांधापलीकडच्या जुन्या वाणाच्या तुरीला मात्र शेंगा होत्या.

तो मॅडमकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. त्या रागावल्या नाहीत. पाणी दिल्यावर माळ माळ राहिलाच नाही, मग फरक दिसणार कसा, एवढंच म्हणाल्या. माळापुरती शिफारस पुढच्या हंगामापासून मागं घेऊ, असंही म्हणाल्या.

"आन् आता उभं हाय त्याचं?"

मॅडमनी संगणकावर त्या वर्षाचे माळाचे आकडे वगळायला घेतले.

तिथून तो थेट बहिणीच्या रानात गेला. छबुबाई बांधावर शेळ्या बांधून बसली होती. त्यानं तिलाही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सरकारच्या तुरीला दिलतंस न्हवं? मंग हिलाबी दे की, गहिन्या."

"हिरीत पानी न्हाई, आक्का."

ती उठली, पदर खोचला आणि शेळ्यांची दावी सोडून त्यांना उभ्या तुरीत चरायला घातलं.