एस्तेरच्या वाटणीची करंजी

देव क्षमा करतो, हे मी संडेस्कूलच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले; स्वतःला मात्र ते पटत नव्हतं. आमच्या रायपूरच्या चर्चच्या मंडळीत सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले की ‘आमच्या पापांची क्षमा कर’ या क्षमेच्या ओळीशी मी आवाज गिळायची. आमच्या यजमानांना वाटायचं, बाईला खोकला आला.

कारण तसंच होतं. एका नाताळात मी करंज्या तळत होते आणि माझ्या नणंदेची एस्तेर, तेव्हा जेमतेम चार वर्षांची, माझ्या भरवशावर स्वयंपाकघरात बसली होती. दारात कोणी आलं म्हणून मी पेटता गॅस तसाच ठेवून उठले आणि बोलण्यात रमले. इकडे पोरीने करंजी घ्यायला झारा ओढला आणि तेल तिच्या मनगटावर आलं. नणंद मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी तळणीची कढई गॅसवर ठेवली नाही. पदर सुटणारी साट्याची करंजी सासूबाईंनी फक्त मला शिकवली होती, तरी मी त्यांचं करंजी कापायचं कातणंसुद्धा नणंदेला देऊन टाकलं. नाताळात कॅरोलवाले गाणी म्हणत घरी आले की मी दुकानातली बिस्किटं पुढे करायची. पोरं थट्टा करायची, मी हसायची. आपण शिक्षा भोगतोय याचं मला आतून थोडं समाधानही वाटायचं, हे आज कबूल करते.

गेल्या नाताळात, कॅरोलवाले आमच्याकडे येणार होते त्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेत मी अगदी वैतागले. म्हटलं, "देवबापा, मले आता हे झेपत नाही. तूच घे." दुपारी दारात एस्तेर उभी. पंडरीच्या कापडबाजारात लग्नाच्या साड्या घेऊन, गोल बाजारातून मैदा आणि खोबरं घेऊन ती थेट माझ्याकडे आली होती. पर्समधून तिने सासूबाईंचं कातणं काढलं.

"मामी, जानेवारीत लग्न होऊन मी चालली बिलासपूरले. आज करंज्या कर."

"मले नाही जमत आता, बेटा," मी म्हणाले. माझी नजर तिच्या मनगटावरच्या डागाकडे गेली, आणि ते तिने पाहिलं.

"हात तं माझा ईस्टरच्या आत बरा झाला, मामी. मले तो दिवस आठवतबी नाही. पण करंजी तेव्हापासून भेटली नाही. मी काहून शिक्षा भोगून राहिली?"

मला वाटत होतं, मी माझ्या चुकीची भरपाई करते आहे. प्रत्यक्षात देवाने मला कधीच मोकळं केलं होतं, आणि मी दाराला आतून कडी लावून बसले होते. बाहेर पोर उपाशी. मी रडले, आणि रडता रडता हसूही आलं.

मग मैदा भिजला. लग्नाला आलेली पोरगी, तरी मी तिला कढईपासून लांब, पार दाराशी बसवलं. "हव मामी," म्हणत ती गुमान बसली. पहिला घाणा टाकला, मग दुसरा. बेल वाजली तेव्हा मी आधी गॅस बंद केला, कढई मागे सरकवली आणि मगच दार उघडलं.

कॅरोलच्या पोरांनी ढोलक वाजवून घर दणाणून सोडलं. ताट पाहून एक जण म्हणाला, "आंटी, इस बार बिस्किट नहीं?" मग सगळे प्रभूच्या प्रार्थनेला उभे राहिले. क्षमेची ओळ आली आणि माझा आवाज न अडता निघाला, तोही सगळ्यांत मोठा. यजमानांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना म्हटलं, खोकला बरा झाला.

याला कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी सकाळी ओझं दिलं आणि दुपारी मैद्याची पिशवी मिळाली, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी मी देवबापाचे रोज आभार मानते. पोरांनी ताट फस्त करण्याआधीच एक करंजी मी बाजूला काढून ठेवली होती. सगळे गेल्यावर ती एस्तेरच्या त्याच हातावर ठेवली. तिने ती तिथेच, उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाली, "मामी, अजून एक."