बिबड्याच्या घाट्यातल्या गोळ्या

मी धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, त्या हिवाळ्यात आमच्या गावात कोंबड्यांची मर आली. आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आईच्या अकरा कोंबड्या चार दिवसांत गेल्या. घरात शेत, बैल, म्हैस सगळं वडिलांचं. कोंबड्या तेवढ्या आईच्या. पहिली कोंबडी तिने माहेराहून टोपलीत घालून आणली होती, आणि पुढच्या साऱ्या तिच्याच पोटच्या. मर ओसरल्यावर त्या वंशातलं एक पिल्लू उरलं. तांबूस, पायावर थोडी पिसं असलेलं.

होळीला मी घरी गेलो तेव्हा त्या पिल्लाची तलंग झाली होती. आणखी दोन महिन्यांत अंड्यावर आली असती. पण तिची मान फिरली होती. डोकं पाठीवर उलटं पडायचं आणि चोच आभाळाकडे. चालायला गेली की मागे मागे सरकत कोलांटी खायची. दाणा समोर असून तिला टिपता येत नव्हता. चोच दाण्याच्या बाजूला, मातीवर आपटायची.

आई तिला दोन्ही गुडघ्यांत धरून बसे. एका हाताने मान सरळ करी आणि दुसऱ्या हाताने भरवी. वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, ओट्यावरून बघत होते.

"काय व, तारा मोजी ऱ्हायनी का तुन्ही कोंबडी? दिवसा?"

"तुम्हीन हसा बठ्ठा," आई म्हणाली.

"कापी टाक. पोटमा तरी जाई."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, तू इतलं शिकस. तुन्हा पुस्तकमा काही नही का हिन्यासाठे?"

मी शिकत होतो ते लोलक, आम्ल आणि आम्लारी. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. 'नाही' म्हणायचं मला सुचलं नाही.

"बघतो," मी म्हणालो. आबा हसले. "घ्या, डॉक्टर उनात!"

धुळ्याला परत आल्यावर मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक वयस्क कंपाउंडर होते. मी मान वाकडी करून दाखवली तेव्हा ते हसले नाहीत, याबद्दल मला अजून त्यांच्याविषयी आदर वाटतो. ते म्हणाले, "दोन गोष्टी असू शकतात. बी-वन जीवनसत्त्व कमी पडलं असेल तर गोळीने फरक पडतो, आठवड्यात कळतं. मरीने मेंदूला धरलं असेल तर मग काही खरं नाही. गोळी देऊन बघ, नुकसान तर नाही." रोज अर्धी, चुरा करून, एवढं त्यांनी सांगितलं. कशातून द्यायची, हे मला विचारायचं होतं. पण माझ्या मागे एक जण आजारी म्हैस दाराशी बांधून ताटकळत उभा होता. कोंबडीसाठी त्याला आणखी थांबवायची मला लाज वाटली. मी बाहेर पडलो.

मेडिकलमधून गोळ्या घेऊन रविवारी गावी पोचलो. घरी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, काम चाललं होतं. ज्वारीच्या पिठाचा घाटा पातेल्यात रटरटत होता. आई त्यात तीळ, लसूण आणि पापडखार टाकून घोटत होती. शेजारच्या दोघी ओल्या फडक्यावर बिबडे थापत होत्या. मला संध्याकाळची परतीची गाडी गाठायची होती, परीक्षा तोंडावर होती. मी गोळ्या आईच्या हातात दिल्या.

"कसामा देऊ?" तिने विचारलं.

"जे खाईल त्यात दे."

"घाटा खास ती. दुसरं काहीच नही खात."

"मग घाट्यात दे," मी म्हणालो. खरं तर मला बरंच वाटलं. गोळीला उग्र वास होता, लसणात तो दबला असता.

तिने माझ्यादेखत पहिली अर्धी गोळी बत्त्याने ठेचली, गरम घाट्यात कालवली, फुंकर घालून निववली आणि बोटाने तलंगीच्या चोचीत सोडली. तलंगीने गिळलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. कॉलेजात कोणी माझ्याकडे तसं पाहत नसे.

परीक्षा संपवून मी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी गेलो. तलंग टोपलीत आडवी होती. पाय ताठ, मान आता पाठीला चिकटलेली. आईने एकही दिवस चुकवला नव्हता. बिबडे संपल्यावरही ती फक्त तिच्यासाठी, वाटीभर पिठाचा, खार घालून घाटा शिजवत होती. माझ्यासमोर तिसऱ्या दिवशी तलंग मेली. आईने तिला स्वतः नेऊन शेताच्या बांधावर पुरलं.

जुलैत दुसऱ्या वर्षाचे तास सुरू झाले. एका तासाला सर जीवनसत्त्वांवर बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले की बी-वन फार नाजूक असतं, सोडा किंवा खार घातलेल्या गरम पदार्थात नाश पावतं. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे ते रटरटणारं पातेलं आलं. महिनाभर आम्ही त्या कोंबडीला औषध म्हणून काहीच दिलं नव्हतं.

हे आईला सांगायला हवं, असं मला का वाटलं, ते आज नीट सांगता येत नाही. बहुतेक मला वाटलं, कारण कळलं की तिचं दुःख हलकं होईल. माझं शिक्षण अगदीच वाया नाही, हेही दाखवायचं असेल. रविवारी मी गावी गेलो. ती चुलीपुढे होती. मी तिला खाराचं सांगितलं, उष्णतेचं सांगितलं, अगदी सरांसारखं.

ती भाकरी थापायची थांबली.

"म्हंजे मन्हाच हाते मरनी का ती?"

"नाही, आई. मी विचारलं नव्हतं. चूक माझी आहे. आणि मरीनेच धरलं असतं तर तशीही..."

"तू सांगं व्हतं तसंच करं मी," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. जणू एवढं तरी मी मान्य करावं, असं ती विनवत होती. मी पुन्हा पुन्हा हो म्हणालो. पण माझं खाराचं पहिलं वाक्य तिच्यात शिरलं होतं आणि त्याच्या मागून गेलेलं एकही वाक्य आत पोचत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली.

निघताना तिने देवाच्या कोनाड्यातून कुंकवाच्या डबीमागची पुडी काढली. उरलेल्या गोळ्या होत्या. "हाई ली जाय," ती म्हणाली. "दुसरा कोनाले तरी लागतीन. ज्याले देता येतस त्याले."

मावशीने त्या पावसाळ्यात एक कोंबडी देऊ केली. आईने नको म्हटलं. दिवाळीला मी गेलो तेव्हा खुराड्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या, पार दारापर्यंत.